धर्मादाय संस्थांची गणना व सिरोंचा प्रांत

महाराष्ट्रांत लोकोपकारी संस्था किती आहेत असा प्रश्न निघाला म्हणजे एक भला मोठा आंकडा पुढें करून वाद मिटविण्याची चाल अलीकडे पडली आहे. हा आंकडा येतो कोठून, हें प्रथम पाहूं. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानें देशांतील अशा संस्थांची जी गणना केली तीप्रमाणें इ. स. २००८ पर्यंत नोंदल्या गेलेल्या संस्था ३१ लक्षांहून अधिक भरल्या. व तींत महाराष्ट्राचा क्रम पहिला लागून त्याच्या वांट्यास सुमारें ४ लक्ष ८० हजार संस्था आल्या. परंतु नोंदवहींतील पत्ते घेऊन गणनाकार जेव्हां गांवोगांव हिंडले, तेव्हां तपासलेल्या सुमारें २२ लक्ष पत्त्यांपैकीं जागेवर सांपडलेल्या संस्था ७ लक्षही भरेनात. पहिली संख्या सभांतून ऐकूं येते, दुसरी फारशी कोणी उच्चारीत नाहीं. ताम्रपटांत नांव असलेलें गांव नकाशावर न सांपडण्याचा अनुभव ज्यांच्या गांठीं आहे, त्या आमच्या वाचकांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच नव्हे. नोंदींत असून प्रत्यक्षांत नसलेल्या संस्था जशा पुष्कळ, तशाच प्रत्यक्षांत असून नोंदींत नसलेल्या किंवा भलत्याच सदरांत बसलेल्या संस्थाही पुष्कळ आहेत. आणि हें ताडून पाहण्यास पुण्यामुंबईपेक्षां राज्याच्या पूर्व टोंकाचा सिरोंचा प्रांत अधिक उपयोगी पडतो.

आधीं नांवाविषयीं दोन शब्द. या संस्थांस हल्लीं ‘अशासकीय’ किंवा ‘ना-नफा’ म्हणतात. दोन्ही शब्द निषेधरूप. वस्तु काय नाहीं तें सांगतात, काय आहे तें सांगत नाहींत. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं यज्ञयागांस ‘इष्ट’ व विहिरी, तळीं, देवालयें, अन्नदान, आराम यांस ‘पूर्त’ अशी संज्ञा दिली. पॄ धातूचा अर्थ भरणें. जेथें उणें आहे तें भरून काढणारें तें पूर्त. या विषयाचा विस्तार पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत केला आहे, तो जिज्ञासूंनीं पाहावा. याज्ञवल्क्यानेंही संविद्व्यतिक्रम-प्रकरणीं श्रेणी, नैगम, पाखंडी व गण यांचा एकत्र निर्देश करून त्यांचे नियम राजानें राखावे असें सांगितलें आहे. म्हणजे राजसत्तेहून निराळा असा संघ, त्याचे स्वतःचे नियम, आणि राजाचें त्यावरील रक्षण, या तिन्ही कल्पना आमच्याकडे जुन्याच आहेत. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत तर ३००० कार्षापणांची अक्षयनीवि गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याचें, त्यांपैकीं २००० वर दरमहा शेंकडा एक व १००० वर शेंकडा पाऊण व्याज ठरविल्याचें कोरलेलें आहे. मुद्दल खर्चावयाचें नाहीं, व्याजांतून भिक्षूंचीं वस्त्रें पुरवावयाचीं. आजचा विश्वस्तनिधि याहून निराळा तो काय?

आतां सिरोंच्याकडे वळूं. प्राणहिता गोदावरीस मिळते तेथें हें गांव आहे. येथील बाजारांत तेलुगु चालते, रानांत गोंडी व माडिया, कचेरींत मराठी. इ. स. १८६० च्या तहानें निजामाकडून गोदावरीचा डावा कांठ इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हें अप्पर गोदावरी जिल्ह्याचें मुख्य ठाणें झालें. इ. स. १८७४ त तो जिल्हा मोडला. भद्राचलम् व रेकपल्ली हे भाग मद्रासेकडे गेले, सिरोंचा चांद्यास जोडला गेला. पुढें इ. स. १९५६ त मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत, इ. स. १९६० त महाराष्ट्रांत, आणि ता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं नव्या गडचिरोली जिल्ह्यांत, असा त्याचा प्रवास आहे. सव्वाशें वर्षांच्या आंत इतकीं छत्रें ज्याच्या डोक्यावरून बदललीं, त्या प्रांतांतील एखाद्या देवळाचा किंवा धर्मशाळेचा कागद एका दप्तरखान्यांत मिळेल ही आशाच करूं नये.

योगायोग असा कीं, संस्थांच्या नोंदणीचा जो कायदा आजही चालू आहे तो इ. स. १८६० चा एकविसावा कायदा. म्हणजे सिरोंचा व हा कायदा एकाच वर्षीं इंग्रजी अंमलाच्या दप्तरांत शिरले. त्यानंतर इ. स. १८६३ च्या कायद्यानें सरकारनें देवस्थानांच्या वहिवाटींतून अंग काढून घेतलें. पुण्यास पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीं जो असंतोष माजला व ज्यांतून इ. स. १८७० त सार्वजनिक सभा उभी राहिली, त्याची पार्श्वभूमि हीच. मुंबई इलाख्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इ. स. १९५० चा. त्या वेळीं सिरोंचा मध्यप्रदेशांत होता, व तेथें इ. स. १९५१ चा निराळा कायदा झाला. दोहोंचें एकीकरण इ. स. १९६० च्या सहाव्या कायद्यानें होऊन मग विदर्भांतील विश्वस्त व्यवस्था धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहींत आल्या. यास्तव येथील एखाद्या संस्थेच्या नोंदणीचा सन पाहून तोच तिच्या जन्माचा सन धरणें ही चूक आहे. तो सन त्या संस्थेचा नसून बहुधा त्या कायद्याचा असतो. छापील स्मरणिकांतून ही चूक आम्हांस वारंवार आढळते.

नोंदवहीची रचनाही समजून घेतली पाहिजे. तींत हिंदु देवस्थानें ‘अ’ सदरीं, मुसलमानांचीं ‘ब’ सदरीं, सर्वसामान्य धर्मादाय ‘ई’ सदरीं, आणि इ. स. १८६० च्या कायद्यान्वयें नोंदलेल्या संस्था ‘फ’ सदरीं येतात. या शेवटच्या संस्था महाराष्ट्रांत दोन्ही कायद्यांखालीं नोंदाव्या लागतात. सबब दोन याद्यांची बेरीज करणारा एकच संस्था दोनदां मोजतो. उलट, राज्याचें वक्फ मंडळ इ. स. २००२ त स्थापन झाल्यावर वक्फांचा कारभार तिकडे गेला, व ‘ब’ सदराची जुनी यादी प्रमाण मानण्याजोगी राहिली नाहीं.

सिरोंच्यास आणखी एक गोष्ट घडते, ती दुसरीकडे क्वचित् घडेल. येथील भाविकाचें मुख्य क्षेत्र नदीपलीकडचें कालेश्वर. तो आधीं निजामाच्या राज्यांत होता, मग आंध्र प्रदेशांत, इ. स. २०१४ पासून तेलंगणांत आहे. गडचिरोलीच्या शेतकऱ्यानें तेथें घातलेलें दान तेलंगणाच्या देवस्थान खात्याच्या हिशेबीं जमा होतें. इ. स. २०२२ च्या एप्रिलांत प्राणहितेचें पुष्कर भरलें तेव्हां यात्रेकरू दोन्ही तीरांवर उतरले. अशा पर्वांत अन्नछत्रें घालणारीं मंडळें बारा दिवसांपुरतीं जन्मास येतात व विसर्जन पावतात. त्यांची नोंद कोणत्याच राज्याच्या वहींत नसते, पण त्यांचें पूर्त खरें असतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं सिरोंच्यास अमेरिकन मेथडिस्ट मिशनचें ठाणें होतें, त्याचेंही मूळ मंडळ सातासमुद्रापार. एकंदरींत येथील दानाचा प्रवाह जिल्ह्याच्या सीमेंत कधींच मावला नाहीं.

संख्येनें थोडें व कार्यानें मोठें असें उदाहरण याच चांदा-गडचिरोलीच्या रानांत आहे. बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिति वरोड्यास इ. स. १९४९ त स्थापन झाली. आनंदवन तिचें, आणि तेथून कित्येक कोस दूर, भामरागडच्या रानांत इ. स. १९७३ त सुरू झालेला हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पही तिचाच. रुग्णालय, निवासी शाळा, जखमी वन्य पशूंचा सांभाळ, हें सर्व त्या एका नोंदींत सामावतें. गणनाकार एक टिंब देतो. डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था इ. स. १९८६ पासून गडचिरोलींत काम करूं लागली. खेड्यांतील स्त्रियांस शिकवून घरच्या घरीं नवजात अर्भकांची शुश्रूषा करण्याचा तिचा प्रयोग ३९ गांवांत झाला. त्याचा वृत्तांत इ. स. १९९९ त ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, तेव्हां नवजात अर्भकांच्या मृत्यूचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचें जगास कळलें. तिलाही एकच टिंब. शहरांतील एखाद्या इमारतीच्या जिन्याखालीं फलक टांगून राहिलेल्या मंडळासही तेवढेंच.

याच्या उलट टोंकास धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा हें गोंडांचें गांव आहे. तेथील ग्रामसभेनें एकमतानें निर्णय घेण्याची व अभ्यासगट चालविण्याची रीत पाडली. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचा तीस हातभार होता. इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें इ. स. २००९ त या गांवास सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, व इ. स. २०११ त स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. ही ग्रामसभा निधि जमविते, मजुरी वांटते, वन राखते. ती सरकारी कचेरी नव्हे, विश्वस्त व्यवस्थाही नव्हे. धर्मादाय आयुक्तांच्या सदरांपैकीं कोणत्याही सदरांत ती बसत नाहीं. याज्ञवल्क्याच्या ‘गण’ या शब्दांत मात्र ती चपखल बसते, असें आम्हांस वाटतें. माडिया गांवांतील गोटूलाचेंही असेंच. गांवाच्या सामायिक श्रमानें उभी राहणारी ती वास्तु; तिला घटना नाहीं, अध्यक्ष नाहीं, लेखापरीक्षण नाहीं, म्हणून ती ‘संस्था’ नाहीं असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

हें सर्व आमच्या वाचकांपुढें मांडण्यास निमित्त एका निकडीचें आहे. इ. स. २०१७ त विश्वस्त कायद्यांत दुरुस्ती होऊन, ज्या व्यवस्था नामशेष झाल्या त्यांची नोंद रद्द करण्याचा मार्ग सोपा झाला, व त्यापुढें हजारों नांवें वगळण्याचें काम हातीं घेतलें गेलें. कारभाराच्या दृष्टीनें तें योग्यच. मेलेल्यांचीं नांवें जिवंतांत कोण ठेवील? परंतु नोंद रद्द झाली म्हणजे त्या संस्थेचें दप्तर राखण्याचें कोणासच कारण उरत नाहीं. एका बंद पडलेल्या वाचनालयाची ठरावांची वही आम्हीं स्वतः रद्दीच्या तराजूंतून उचलली आहे. पांच पैशांची वर्गणी, कंदिलाच्या तेलाचा खर्च, पुस्तक परत न करणाऱ्यास दंड, असें तींत सारें आहे. तिच्या बरोबरच्या तीन वह्या आदल्या दिवशींच पुड्या बांधण्यास गेल्या होत्या. पोथ्यांस आपण फडक्यांत बांधून ठेवतों, आणि या वह्यांस हात लावीत नाहीं, कारण त्या शंभर वर्षांच्या नाहींत. त्या शंभर वर्षांच्या होईपर्यंत उरतील तर ना!

म्हणून चांदा, गडचिरोली व विशेषतः सिरोंचा, अहेरी या बाजूस ज्यांचें जाणें होतें त्यांनीं पुढील कागदांवर नजर ठेवावी : संस्थेचें घटनापत्र, विश्वस्तांची परिशिष्टांतील नोंद, बदल-अर्जांच्या नकला, ठरावांच्या वह्या व कीर्द-खतावणी. बदल-अर्ज रुक्ष दिसतात, पण विश्वस्तांचीं नांवें, मृत्यु व वारस यांचा अनुक्रम त्यांतूनच लागतो. सिरोंच्याकडील कीर्दी तेलुगु लिपींत असण्याचा संभव आहे. त्या अवाचनीय समजून टाकूं नयेत, तेलुगु जाणणाऱ्याकडून वाचून घ्याव्या. तसेंच इ. स. १८६० पूर्वींचा कागद हातीं आला तर त्यांतील फसली सनांत ५९० मिळवून इसवी सन काढावा; अरबी सनाचा ५९९ चा आंकडा तेथें लावल्यास नऊ वर्षांची तफावत पडते.