नियंत्रण आलेखाची कुळकथा: तपास कामाचा, शिक्षा माणसाला

भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं बोदवड कापसाच्या पट्ट्यात येतं. या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये हंगामभर एका आकड्यावर सगळ्यांची नजर असते: रुईचा उतारा. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. बाकी सरकी आणि घट. हा आकडा रोज हलतो. कापूस पहिल्या वेचणीचा की फरदडीचा (हंगाम संपल्यावर ठेवलेल्या पिकाचा), वाण कोणतं, ओल किती, पाला आणि कवडी (किडका, डागी कापूस) किती, रोलर केवढा झिजलाय, यावर तो ठरतो. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात यातलं फार थोडं असतं. तरी कारखाना कुठलाही असो, आकडा घसरला की पहिली हाक बहुतेक वेळा त्यालाच जाते.

हा अन्याय टाळण्याचं साधन शंभर वर्षांपूर्वीच तयार झालं होतं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनची सामग्री बनवत असे. तिथल्या वॉल्टर शुहार्ट या अभियंत्यानं 16 मे 1924 रोजी वरिष्ठांना एक पानी टिपण पाठवलं. त्यात एक साधी आकृती होती: मधे सरासरीची रेघ, वर-खाली दोन मर्यादा, आणि त्यांच्यात वेळेच्या क्रमानं मांडलेले ठिपके. हाच पहिला नियंत्रण आलेख.

शुहार्टचं म्हणणं असं की, कुठल्याही कामाचा आकडा दोन कारणांनी हलतो. एक हलणं कामाच्या घडणीतच असतं. कुणी काही चुकलं नाही तरी ते होतंच. दुसरं एखाद्या खास कारणानं होतं: पट्टा सैल झाला, ओला माल आला. ठिपका मर्यादेबाहेर गेला तर कारण शोधावं. आत असेल तर त्या एका ठिपक्यामागे धावू नये. सुधारणा हवी असेल तर कामाची सगळी घडणच बदलावी. शुहार्टनं हा विचार 1931 च्या पुस्तकात सविस्तर मांडला.

योगायोग असा की, मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रज्ञान प्रयोगशाळाही 1924 सालीच उभी राहिली. तंतूची लांबी, तलमपणा, सूत किती चांगलं निघेल, हे तिथं मोजू लागले. तिथल्या मापांचा विषय कापूस हा होता, कामगार नव्हे. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून 1947-48 च्या हिवाळ्यात खुद्द शुहार्ट भारतात आले.

आलेख कारखान्यांत पोचला, पण त्याची दृष्टी वाटेत गळाली. मर्यादांच्या रेघा पुसल्या गेल्या आणि ठिपक्यांपुढे माणसांची नावं आली. शुहार्टचे सहकारी एडवर्ड्स डेमिंग यांनी हा गैरवापर लाल मण्यांच्या प्रयोगातून दाखवला. 4,000 मण्यांत 800 लाल म्हणजे सदोष. कामगारांनी 50 खळग्यांच्या फळीनं पेटीतून मणी काढायचे. सगळ्यांची पद्धत एक, पेटी एक. तरी कुणाच्या फळीत लाल मणी कमी, कुणाच्या जास्त. कमीवाल्याची पाठ थोपटली जाते, जास्तवाल्याला नोकरीवरून काढलं जातं. वास्तविक लाल मणी पेटीतच होते. कामगारांना आकड्यांचे कोटे लावणं आणि दरवर्षी त्यांचं गुणांकन करणं बंद करा, असं डेमिंग आग्रहानं सांगत राहिले.

हाच हिशेब जिनिंगला लावून पाहू. समजा, आठ मशीनचा उतारा दर आठवड्याला भिंतीवर लागतो आणि तळाच्या माणसाला बोलणी बसतात. पुढच्या आठवड्यात त्याचा आकडा बहुधा आपोआप सुधारतो, कारण तळाचा आकडा सरासरीकडे परतण्याचीच शक्यता जास्त असते. मालकाला मात्र वाटतं, रागावल्याचा गुण आला. पहिल्या आलेल्याचं कौतुक झालं की त्याचा आकडा बहुधा खाली येतो. मग कौतुकानं माणसं शेफारतात असा समज रुजतो. पाळीला किती गाठींची रुई निघाली एवढंच मोजलं, तर माणूस रोलरवर कापूस जास्त ढकलतो. सरकी फुटते, तंतू तुटतो आणि गाठींचा आकडा मात्र चांगला दिसतो. शेतातही तेच. वेचणीची मजुरी किलोवर असली की पाला-कवडी वेगळी काढण्यात वेचणाऱ्या बाईचा तोटा असतो. ती हलगर्जी नाही. तिची मजुरी ज्या मापावर आहे, त्या मापाला ती जागते.

मोजणं सोडावं असं मी म्हणत नाही. उतारा, ओल, कचरा रोज मोजावा आणि काळाच्या क्रमानं मांडावा. पण कुणाचं नाव घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: ठिपका खरोखर मर्यादेबाहेर आहे का, आणि त्याचं कारण बदलणं त्या माणसाच्या हातात होतं का. दोन्ही उत्तरं होकारार्थी नसतील तर जाब व्यवस्थापनानं द्यायचा असतो. रोलर बदलायचा, ओला माल बाजूला काढायचा, मजुरीचं माप ठरवायचं, हे अधिकार त्याच्याकडेच असतात.