पेशीय मात्रामापन

पेशीय मात्रामापन : लक्ष्यवेधी किरणोपचारात औषधाला जोडलेला किरणोत्सारी अणू कर्कपेशीपर्यंत पोचवतात. त्यामुळे एकेका पेशीत, विशेषतः तिच्या केंद्रकात, किती ऊर्जा शोषली गेली याचा अंदाज बांधण्याच्या शास्त्राला पेशीय मात्रामापन म्हणतात. शोषित मात्रा ‘ग्रे’ या एककात सांगतात. एक किलोग्रॅम ऊतकात एक जूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा १ ग्रे होते. ब्रिटिश भौतिकीविज्ञ लुइस हॅरल्ड ग्रे यांचे नाव या एककाला १९७५ मध्ये देण्यात आले.

पार्श्वभूमी : सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये बॉस्टन येथे थायरॉइडच्या अतिक्रियाशीलतेवर किरणोत्सारी आयोडीन दिले. काही वर्षांतच थायरॉइडच्या कर्करोगावरही ते वापरले जाऊ लागले. थायरॉइडच्या पेशी आयोडीन स्वतःहून ओढून घेतात, म्हणून पहिले लक्ष्य निसर्गानेच दाखवून दिले होते. महाराष्ट्रात या विद्येचे घर म्हणजे मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर. अणुऊर्जा खात्याने ते १९६३ मध्ये सुरू केले आणि थायरॉइडच्या रुग्णांवरील आयोडीन-१३१ चे उपचार तेथे रुजले.

आज या क्षेत्रात ल्युटेशियम-१७७ या समस्थानिकाचा मोठा वापर आहे. निसर्गातील ल्युटेशियमपैकी सुमारे २.६ टक्के भाग ल्युटेशियम-१७६ असतो. तो न्यूट्रॉन सहज पकडतो आणि त्याचे ल्युटेशियम-१७७ बनते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ पासून चालणाऱ्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत हे काम होते. या निर्मितीचे गणित केंद्रातील एम. आर. ए. पिल्लई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. सोमॅटोस्टॅटिन ग्राहक असणाऱ्या चेता-अंतःस्रावी गाठींसाठी डोटाटेट आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीएसएमए प्रथिनाला चिकटणारे रेणू या अणूला जोडून देतात.

सरासरी मात्रेचे गणित : अमेरिकेतील न्यूक्लिअर मेडिसिन सोसायटीच्या ‘मर्ड’ समितीने १९६८ पासून प्रसिद्ध केलेली पद्धत आजही पायाभूत मानतात. तिच्यात दोनच गोष्टींचा गुणाकार असतो. पहिली, त्या ठिकाणी एकूण किती अणू फुटले. दुसरी, एक अणू फुटल्यावर लक्ष्याला किती मात्रा पडते. उदाहरणार्थ, एक ग्रॅमच्या गाठीत १ मेगाबेकरेल ल्युटेशियम-१७७ जाऊन बसले आणि तिथेच पूर्ण क्षय पावले असे धरू. त्याचे अर्धायुष्य ६.६५ दिवस आहे, म्हणून सुमारे ८३,००० कोटी अणू फुटतात. प्रत्येक अणूच्या इलेक्ट्रॉनांकडून सरासरी १४७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते, आणि गाठीला जवळजवळ २० ग्रे मात्रा पडते. पण औषध गाठीतून हळूहळू धुऊन जाते. त्यामुळे प्रत्यक्षातले अर्धायुष्य ३ दिवसच राहिले, तर हीच मात्रा ९ ग्रेच्या आसपास येते. दिलेले औषध तेच असूनही दोन रुग्णांच्या मात्रेत दुपटीचा फरक पडतो तो असा.

सरासरी अपुरी का पडते : नीरा डावा कालवा बारामती तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. आवर्तनात एकूण किती पाणी सोडले, लाभक्षेत्र किती, याचा भागाकार कार्यालयात बसून करता येतो. टेलच्या शेतकऱ्याच्या पाटात पाणी आले की नाही, हे त्या भागाकारातून कळत नाही. गाठीचेही तसेच आहे. रक्तवाहिनीच्या कडेच्या पेशींना औषध भरपूर मिळते. आतल्या, रक्तपुरवठा तुटपुंजा असलेल्या भागात ते पोचतच नाही. काही पेशींवर ग्राहक रेणूच नसतात, तेव्हा औषध शेजारून वाहत गेले तरी चिकटत नाही.

एक ग्रॅम गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. त्यांतल्या एक टक्का पेशी जरी कोरड्या राहिल्या, तरी किमान दहा लाख जिवंत पेशी उरतात. सरासरी मात्रा भरघोस असूनही आजार परत येण्यामागचे एक कारण इथे दडलेले असते. पेशीनिहाय हिशेब करायचा तो याच पेशींसाठी.

कणांचा पल्ला : ही उणीव किती भरून निघेल ते कणावर ठरते. ल्युटेशियम-१७७ चा बीटा कण ऊतकात जास्तीत जास्त २ मिमी. जातो. पेशीचा व्यास १० ते २० मायक्रॉन असतो, म्हणजे वाटेत शंभरावर पेशी येतात. कोरड्या पेशीला शेजारणीकडून मात्रा मिळते ती यामुळे. तज्ज्ञ पेशीची ‘स्वतःची मात्रा’ आणि ‘शेजारची मात्रा’ वेगवेगळी मोजतात. यिट्रियम-९० चा बीटा कण ११ मिमी.पर्यंत जातो, म्हणून तो मोठ्या गाठींना सोयीचा; विखुरलेल्या थोड्या पेशींवर मात्र त्याची बहुतेक ऊर्जा वाया जाते.

ॲक्टिनियम-२२५ सारख्या अणूतून सुटणारा अल्फा कण ५० ते १०० मायक्रॉनच जातो, पण वाटेत प्रचंड ऊर्जा टाकतो. हिशेब करून पाहावा. पेशीकेंद्रकाचा व्यास ८ मायक्रॉन धरला, तर त्यातून आरपार जाणाऱ्या कणाची सरासरी वाट सुमारे ५.३ मायक्रॉन होते. अल्फा कण दर मायक्रॉनला १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट टाकत असेल, तर एकट्या कणाने केंद्रकाला सुमारे ०.३ ग्रे मात्रा मिळते. बीटा कण दर मायक्रॉनला ०.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट टाकतो. त्याची एका फेरीतली मात्रा ०.०००६ ग्रे. फरक पाचशेपटीचा आहे. काही पेशींना दोन अल्फा कण लागतात, काहींना एकही नाही, म्हणून इथे सरासरीऐवजी किती पेशींना किती कण लागले याची विभागणी पाहावी लागते.

आयोडीन-१२५ सारख्या अणूतून सुटणाऱ्या ओजे इलेक्ट्रॉनांचा पल्ला त्याहूनही तोकडा असतो. आयोडीन-१२५ डीएनएला चिकटलेले असेल तर पेशीला घातक ठरते. तेच पेशीद्रवात राहिले तर परिणाम कितीतरी सौम्य होतो. म्हणून अणू पेशीच्या पृष्ठभागावर आहे, पेशीद्रवात आहे की केंद्रकात, हे ठाऊक असल्याशिवाय मात्रा सांगता येत नाही.

अंदाजाच्या पद्धती : प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी औषधात ठेवून किती अणू बाहेर, किती आत आणि किती केंद्रकात गेले ते मोजतात. ऊतकाच्या पातळ कापांवर स्वयंकिरणचित्रण करून अणूंची विभागणी प्रत्यक्ष पाहतात. मग संगणकावर कणांचा एकेक मार्ग योगायोगाच्या नियमांनी रेखतात. या रीतीला मोंटे कार्लो पद्धत म्हणतात. वेगवेगळ्या आकाराच्या पेशींसाठी तयार गुणांकांची कोष्टके १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ‘मर्डसेल’ ही संगणकप्रणाली त्याच तत्त्वावर चालते. मात्रेची जैविक खूण म्हणून डीएनएचे दोन्ही धागे तुटलेल्या जागी उमटणारे गॅमा-एच२एएक्स या प्रथिनाचे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

रुग्णाच्या बाबतीत : जिवंत माणसाच्या गाठीतली एक पेशी कॅमेऱ्याला दिसत नाही. पेट चित्रातला ४ मिमी. बाजूचा एक ठोकळा घेतला, तरी त्यात साठ लाख ते सहा कोटी पेशी असतात. तरीही कॅमेरा मोलाचा आहे. ल्युटेशियम-१७७ मधून बीटाबरोबर २०८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरणही निघतात, म्हणून उपचार चालू असतानाच औषध कुठे बसले ते स्पेक्ट-सीटीवर दिसते. डोटाटेटची रूढ पद्धत म्हणजे ७.४ गिगाबेकरेलचे, बोलीत २०० मिलिक्युरीचे, चार डोस आठ-आठ आठवड्यांनी देणे. मूत्रपिंडांना २३ ग्रे ही मर्यादा बरीच रुग्णालये पाळतात. सर्वांना सारखाच डोस दिला, तर कोणाच्या गाठीला कमी पडते, कोणाच्या मूत्रपिंडाला जास्त होते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात प्रत्येक रुग्णाच्या मात्रेचे स्वतंत्र नियोजन अपेक्षिले आहे.

त्यासाठी एरवी डोसनंतर ४, २४, ९६ आणि १६८ तास अशा टप्प्यांनी चित्रे घ्यावी लागतात. इंदापूरहून पुणे सुमारे १४० किमी., बारामतीहून सुमारे १०० किमी. आजारी माणसाला आठवड्यात चार वेळा न्यायचे, तर बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, नाहीतर शहरात खोली घ्यावी लागते. मात्रामापन टळते ते अनेकदा अशा अडचणींपायी. जर्मनीतील हेन्शाइड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, की डोसनंतर साधारण चौथ्या दिवशी घेतलेल्या एकाच मोजणीवरून मूत्रपिंडाची आणि गाठीची मात्रा पुरेशा अचूकतेने काढता येते. चारऐवजी एका फेरीत काम भागले, तर लांबच्या गावच्या रुग्णाचा हिशेबही शहरातल्या रुग्णाइतक्याच काळजीने मांडता येईल.

मर्यादा : चित्रातली सरासरी आणि पेशीवरची खरी मात्रा यांतले अंतर अजून पूर्ण सांधलेले नाही. गाठीचा तुकडा काढून केलेले मापन एका जागेचे आणि एका क्षणाचे असते. पेशी किरणांना किती दाद देते हे मात्रेखेरीज प्राणवायू, मात्रेचा वेग आणि पेशीची दुरुस्तीची क्षमता यांवरही ठरते. म्हणून उपचाराच्या अहवालात गाठीच्या सरासरी मात्रेशेजारी सर्वांत कमी मात्रा मिळालेल्या भागाचा आकडाही लिहावा. पुढचा डोस ठरवताना वैद्याने आधी तोच पाहायला हवा, कारण जगलेल्या पेशी तिथेच सापडण्याची शक्यता अधिक असते.