ज्यांनी भिंती रंगवल्या, त्यांच्याच हाती ब्रश

फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलपासून ब्रॉड स्ट्रीटने उत्तरेकडे चालत गेलं की थोड्याच वेळात स्प्रिंग गार्डनचा चौक लागतो. तिथल्या आठ मजली इमारतीच्या उघड्या बाजूवर वेण्या घातलेली एक शाळकरी मुलगी उभी आहे. तिच्याभोवती शहरातल्या शाळांमधली मुलं आणि चिनी मातीच्या जुन्या बाहुल्या एकाच ढबीत उभ्या. मेग सॅलिगमन यांचं १९९८ सालचं हे ‘कॉमन थ्रेड्स’. एरवी राजेरजवाड्यांच्या वाट्याला येणारी उंची इथे वर्गातल्या मुलांना मिळाली आहे.

या चित्रामागे ‘म्युरल आर्ट्स’ ही संस्था आहे. तिची सुरुवात मात्र चित्रं पुसण्याच्या मोहिमेतून झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकात शहराची भिंत न् भिंत स्प्रेने लिहिलेल्या नावांनी भरली होती. १९८४ मध्ये महापौर विल्सन गुड यांनी ‘अँटी-ग्राफिटी नेटवर्क’ सुरू केलं. पुन्हा भिंती खराब करणार नाही, असं ती नावं लिहिणाऱ्या मुलांनी लिहून द्यायचं आणि भिंती साफ करायच्या कामाला लागायचं. या मुलांना सांभाळायला जेन गोल्डन आल्या. लॉस एंजेलिसकडे भित्तिचित्रं करून आलेल्या या तरुण चित्रकर्तीने या पोरांमधली कला ओळखली आणि ती भित्तिचित्रांकडे वळवली. अंधारात, पोलिसांची नजर चुकवून, दोन पुरुष उंचीची अक्षरं न चुकता काढणाऱ्याला प्रमाण काय असतं ते शिकवावं लागत नाही.

भिंतींची वाण नव्हती. इथली जुनी घरं एकाला एक चिकटून, मधली भिंत सामायिक. कारखाने बंद पडले, माणसं गेली, मधलीच घरं पाडली गेली आणि शेजारच्या घराची ती आतली भिंत उघडी पडली. खिडकी नाही, दार नाही, समोर मोकळा प्लॉट. शहराच्या पडझडीनेच चित्रकारांना जागा दिली. त्यामुळे पुढे तिथे नवी इमारत उठली की चित्र तिच्याआड जातं. हे दुःख या कामाला पहिल्यापासून चिकटलेलं आहे.

१९९६ मध्ये एड रेंडेल महापौर असताना ग्राफिटीची मोहीम आणि भित्तिचित्रांचं काम वेगळं झालं. म्युरल आर्ट्सला स्वतःचं अस्तित्व मिळालं. पालिकेचा पैसा पुरेना, म्हणून देणग्या गोळा करणारी जोडसंस्थाही उभी राहिली.

संस्थेने केलेल्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक साधं कापड. पॅराशूटसारखं पातळ, न विणलेलं. चित्राचे साधारण पाच फुटी चौकोन पाडायचे, प्रत्येक कापडावर आकृत्यांच्या कडा आखून रंगांचे आकडे घालायचे आणि ते तुकडे वाटून टाकायचे. शाळेत, वृद्धांच्या केंद्रात, कम्युनिटी हॉलमध्ये बसून लोक रंगवतात. मग ते तुकडे अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवले की जोड शोधूनही सापडत नाही. ज्याला परांचीवर चढता येत नाही, त्याचाही हात चित्राला लागतो.

या कापडामुळेच ‘हीलिंग वॉल्स’ शक्य झालं. जर्मनटाऊन अ‍ॅव्हेन्यूवर २००४ मध्ये लागलेली ही दोन चित्रं आहेत, एक कैद्यांच्या वाटचालीचं, दुसरं गुन्ह्यांत आप्त गमावलेल्यांचं. ग्रेटरफोर्डच्या तुरुंगात जन्मठेप भोगणारी माणसं आणि ज्यांची मुलं मारली गेली असे आईबाप एका खोलीत बसले. बोलणी आधी विस्कटली, वाद झाले, एका चित्राची दोन झाली ती त्यातूनच. कैदी भिंतीपाशी येऊ शकत नव्हते, कापड आलं.

स्टीव्ह पॉवर्स हा पश्चिम फिलाडेल्फियात ग्राफिटी करतच वाढलेला. २००९ मध्ये त्याने संस्थेबरोबर मार्केट स्ट्रीटवरून धावणाऱ्या उन्नत रेल्वेच्या कडेला पन्नास चित्रं केली. सगळी मिळून एकच प्रेमपत्र. ते पायी वाचता येत नाही. खिडकीशी बसायचं आणि गाडी पुढे जाईल तसं वाचायचं.

सगळं कौतुकाचंच घडलं असं नाही. इटालियन मार्केटमध्ये फ्रँक रिझो यांचं चित्र होतं. आधी पोलीस कमिशनर, मग महापौर. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये त्यांच्या नावाची आजही दहशत सांगतात. त्या चित्रावर पुन्हा पुन्हा रंग फेकला जाई आणि संस्था ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करी. जून २०२० मध्ये, रस्ते पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या निदर्शनांनी भरलेले असताना, संस्थेने हे चित्र यापुढे सांभाळणार नाही असं जाहीर केलं. काही दिवसांतच भिंत एकाच रंगाने झाकली गेली. मला तो निर्णय उशिराचा पण योग्य वाटतो. वस्तीला विचारल्याशिवाय चित्र लावायचं नाही हा संस्थेचा शिरस्ता आहे, तर लावलेलं चित्र ठेवायचं का, हेही वस्तीला विचारायलाच हवं.