कुकाबरा आणि तनामीचे वाळवंट

तनामी वाळवंट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात सुमारे १,८४,५०० चौरस किलोमीटरवर पसरले आहे. बुलढाण्याएवढे एकोणीस जिल्हे त्यात सहज मावतील. १० एप्रिल १९२९ रोजी ‘कुकाबरा’ नावाचे छोटे एकपंखी विमान इथे उतरले, आणि पुन्हा उडालेच नाही. कीथ अँडरसन ते चालवत होते, तर बॉब हिचकॉक त्यांचे मेकॅनिक होते. दोघे निघाले होते ते हरवलेल्या दुसऱ्या विमानाच्या शोधात.

ते विमान म्हणजे चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि चार्ल्स अल्म यांचे ‘सदर्न क्रॉस’. ३० मार्चला सिडनीहून इंग्लंडकडे निघालेले हे विमान खराब हवामानात वाट चुकले आणि वायव्येला ग्लेनेल्ग नदीच्या चिखलात उतरले. अँडरसन हे दोघांचे जुने सहकारी. त्या दोघांच्या १९२८ च्या पॅसिफिकपार उड्डाणातून वगळले गेल्याने ते दुखावले होते. तरीही एका मद्यगृहमालकाने दिलेल्या ५०० पौंडांच्या जोरावर ते शोधाला निघाले. सद्भावना मोठी होती, तयारी मात्र तोकडी. विमानात रेडिओ नव्हता, होकायंत्र बेभरवशाचे होते आणि पिण्याचे पाणी अगदी थोडे होते.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज सोडल्यावर इंजिनात बिघाड झाला. विमान जवळजवळ धडधाकट उतरले आणि बिघाडही दुरुस्त झाला, पण खुरट्या झुडपांमुळे धावपट्टीपुरती जागा मिळेना. दोघांनी झुडपे जाळून पाहिली, हाताने उपटली. पाण्याविना अंगात त्राण उरले नाही. अँडरसन यांनी विमानाच्या सुकाणूच्या कापडावर हकीकत लिहून ठेवली. ज्यांच्यासाठी ही धडपड होती, ते ‘सदर्न क्रॉस’वरचे किंग्सफर्ड स्मिथ, अल्म आणि आणखी दोघे १२ एप्रिललाच सुखरूप सापडले होते.

२१ एप्रिलला क्वांटास कंपनीचे लेस्टर ब्रेन यांना आकाशातून ‘कुकाबरा’ दिसले. पंखाखाली एक देह होता. चार्ल्स ईटन यांची तुकडी आदिवासी वाटाड्यांसह जमिनीवरून तिथे पोहोचली आणि दोघांना तिथेच पुरले. पुढे जनभावनेपुढे सरकारला देह बाहेर आणावे लागले. ‘सदर्न क्रॉस’ प्रसिद्धीसाठी मुद्दाम हरवले, अशी कुजबुज तेव्हा जोरात होती. चौकशी समितीने ती फेटाळली, तरी किंग्सफर्ड स्मिथ यांच्या नावाला लागलेला डाग काही पूर्ण पुसला गेला नाही.

जुलैमध्ये अँडरसन यांना सिडनीच्या मॉसमन उपनगरात, रॉसन पार्कमध्ये, इतमामाने दफन करण्यात आले. तिथे त्यांचे स्मारक उभे राहिले. हिचकॉक यांना पर्थच्या कॅराकट्टा दफनभूमीत जागा मिळाली. एकत्र मेलेल्या दोघांच्या समाध्यांमध्ये अख्खे खंड आडवे आहे, आणि मेकॅनिकचे नाव वैमानिकाइतके गाजले नाही.

विमान मात्र वाळवंटातच राहिले. १९६१ मध्ये भूमापकांच्या एका पथकाला ते दिसले; पुढे त्याचा ठावठिकाणा पुन्हा हरवला. उद्योजक डिक स्मिथ यांनी १९७८ मध्ये ते शोधून काढले. त्याचे अवशेष आता अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये, विमान संग्रहालयाच्या आवारात, जतन केलेले आहेत.