भिंतीवरील मिरवणूक

ड्रेस्डेन येथील राजवाड्याच्या जुन्या तबेल्याच्या बाह्य भिंतीवर वेटिन घराण्यातील ३५ राज्यकर्त्यांची मिरवणूक चालली आहे. बाराव्या शतकातील कोनराडपासून ती सुरू होते आणि १९०४ साली निवर्तलेल्या राजा गेऑर्गपाशी थांबते. लांबी सुमारे १०२ मीटर. माइसेनच्या पोर्सेलिनच्या फरश्या सुमारे २३,०००.

चित्रातील चिलखते मध्ययुगीन असली, तरी दृष्टी एकोणिसाव्या शतकाची आहे. विल्हेल्म वाल्टर या चित्रकाराने मूळ चित्र १८७६ साली पूर्ण केले. तत्पूर्वी, १८७१ मध्ये, सॅक्सनी हे नव्या जर्मन साम्राज्याचे एक घटक राज्य झाले होते. सार्वभौमत्व ओसरत असताना वंशाची अखंडता भिंतीवर रेखाटली जावी, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही. सत्ता क्षीण झाली की वंशावळीचे महत्त्व वाढते, हे बखरींच्या अभ्यासकांना निराळे सांगावयास नको.

तथापि ही केवळ राजस्तुती नव्हे. राजांच्या नावांसोबत त्यांची बिरुदेही आहेत: कोणी ‘श्रीमंत’, कोणी ‘अधःपतित’, तर एक फ्रेडरिक चक्क ‘चावा घेतलेला’! ‘अधःपतित’ आल्ब्रेख्तला सोडून पळताना आईने वियोगाच्या आवेगात त्याच्या गालाचा चावा घेतला, अशी दंतकथा आहे. लोकस्मृतीने दिलेली ही नावे दरबारालाही पुसता आली नाहीत. मिरवणुकीच्या शेवटी विद्वान, कलावंत व कारागीर पायी चालतात. त्यांत स्वतः वाल्टरही आहे.

मूळ चित्र गिलाव्याचे थर खरवडून काढलेले होते. ते ऊनपावसाने झिजले. म्हणून १९०४ ते १९०७ या काळात ते फरश्यांवर उतरविण्यात आले. १९१८ मध्ये राजेशाही संपली. अखेरच्या राजाला या भिंतीवर स्थान नाही. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात शहर जळाले, सुमारे २५,००० माणसे मेली. भट्टीच्या प्रखर आचेतून आधीच गेलेल्या फरश्या मात्र बहुतांशी शाबूत राहिल्या.

जे टिकते तेच इतिहासात मोलाचे, असे आपण नकळत मानू लागतो. येथे टिकली ती राजांची थोरवी नव्हे, कारागिरांनी भाजलेली माती. त्या रात्री जळालेल्यांची मिरवणूक कोणत्याच भिंतीवर नाही. हे चित्र वाचताना ती रिकामी जागाही वाचली पाहिजे.