फाटक्या आवाजाचा मुक्काम

अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दुकानात आलेल्या माणसाला मी स्क्रू काढण्याआधी एक गोष्ट विचारतो. आवाज फाटतो, तो व्हॉल्यूम खाली आणल्यावर साफ होतो, की बारीक आवाजातही तसाच राहतो? लॅमिंग्टन रोडवर मी हे काम शिकलो तेव्हा असं विचारावं लागत नसे. उत्तर ठरलेलं होतं: नॉब खाली आणला की आवाज साफ. आता बहुतेक जण सांगतात की कितीही कमी केला तरी फाटतोच. अ‍ॅम्प्लिफायर बदलून पाहिला, तरी फाटतो. तक्रार तीच, पण मधल्या चाळीस वर्षांत बिघाडाने आपला मुक्काम हलवला आहे.

जुना बिघाड सरळ होता. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला जे व्होल्टेज देतो ते त्याच्याच पॉवर सप्लायमधून येतं. सप्लायच्या पलीकडचं तो आणणार कुठून? ८ ओहमच्या स्पीकरला ३० वॉट द्यायचे तर लाटेचा माथा सुमारे २२ व्होल्टपर्यंत चढतो. थोडे व्होल्ट ट्रान्झिस्टर खातात, लोडवर सप्लाय थोडा बसतो, म्हणून आत अधिक-उणे २५-२७ व्होल्ट ठेवतात. त्यापुढे नॉब चढवला की माथा सप्लायला टेकतो आणि स्कोपवर गोलाईच्या जागी सरळ रेघ दिसते. हेच क्लिपिंग. कानाला दुप्पट मोठा वाटणारा आवाज हवा असेल तर साधारण दहापट वॉट लागतात, हे गिऱ्हाइकाला पटवणं सर्वांत अवघड. तीस वॉटवाल्याला तीनशे वॉट हवे असतात आणि तो ते नॉबमध्ये शोधत असतो.

त्या काळात ट्वीटर जळाला की लोक म्हणायचे, अ‍ॅम्प्लिफायर फार ताकदीचा आहे. पुष्कळदा तो स्पीकरच्या मानाने कमी ताकदीचा असायचा. माथे कापले गेले की मूळ सुरात नसलेले वरचे हार्मोनिक्स तयार होतात. शिवाय खर्ज छतालाच टेकलेला असल्यामुळे नॉब चढवला की वरच्या पट्टीचाच आवाज वाढत राहतो, आणि हे सगळं जाऊन पडतं काही थोडेच वॉट सोसणाऱ्या ट्वीटरच्या बारीक कॉइलवर. उंची तेवढीच असलेल्या गोल लाटेपेक्षा पूर्ण चौकोनी झालेली लाट दुप्पट पॉवर वाहते. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर ह्या बाबतीत सोसायला बरे. त्यांच्यात माथा एकदम कापला जात नाही, हळूहळू वाकतो. ट्रान्झिस्टर आले आणि काप तीक्ष्ण झाला. नॅडने १९७८ साली काढलेल्या ३०२० ह्या मॉडेलमध्ये सॉफ्ट क्लिपिंगचा स्विच दिला होता. नावाला २० वॉटचा तो अ‍ॅम्प्लिफायर जगभर गाजला, त्याला हेही एक कारण आहे असं मी मानतो. करणाऱ्याने गिऱ्हाइकाचा हात ओळखला होता.

आपल्याकडे असा आयात माल कमी, कारण जकात भारी. इथे चालायचे असेंबल केलेले अ‍ॅम्प्लिफायर: २एन३०५५ च्या जोड्या, ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकात छापलेली सर्किटं, आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा ओळखीच्या वाइंडरकडून. जपानी माल यायचा तो आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून.

सीडी प्लेअरही पुढे त्याच वाटेने आला. सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ रोजी विक्रीला आला. सीडी प्लेअरचं पूर्ण आउटपुट २ व्होल्ट धरलेलं होतं. त्याआधीच्या अ‍ॅम्प्लिफायरची ऑक्झिलरी इनपुट मात्र १५०-२०० मिलिव्होल्टला पूर्ण वॉट देतील अशी बेतलेली; ट्यूनर आणि टेपचा हिशेब तोच होता. म्हणजे दारात एकदम दहापट पाणी. ज्या सर्किटात व्हॉल्यूमचा पॉट सगळ्यात आधी, तिथे फार काही होत नसे. नॉब जरासा फिरवताच आवाज अंगावर यायचा, इतकंच. पण पॉटच्या आधी प्रीअ‍ॅम्पची एखादी स्टेज असली आणि तिचा सप्लाय कमी असला, तर सिग्नल तिथेच कापला जायचा. नॉब त्यानंतर येतो, म्हणून तो खाली आणून उपयोग नाही. बारीक पण फाटलेला आवाज. इथे नॉबची साक्ष पहिल्यांदा बदलली. इलाज सोपा असायचा: वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे २.२ किलोओहमचा ग्राउंडला, दोन्ही चॅनेलना तसेच. २ व्होल्टचे ०.३६ व्होल्टच्या आसपास उरत आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर नव्या सीडीबरोबर सुखाने नांदू लागे.

पुढचा बदल मात्र सोल्डरिंग आयर्नच्या आवाक्याबाहेरचा होता.

सीडीवर आवाज आकड्यांत असतो. सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटची; वर जास्तीत जास्त ३२,७६७, खाली उणे ३२,७६८. त्यापुढे आकडाच नाही. लाट त्याहून मोठी आली तर लागोपाठच्या नोंदींवर तोच शेवटचा आकडा लिहिला जातो. तबकडीच्या काळात मोठ्या आवाजाची किंमत मोजावी लागे. खाच रुंद झाली की एका बाजूवर कमी मिनिटं मावायची, फार झाली की पिन उडायची. ज्यूकबॉक्समध्ये आपलं गाणं उठून दिसावं म्हणून अमेरिकेत ४५ आरपीएमच्या तबकड्या मोठ्या आवाजात कापण्याची चढाओढ तेव्हाही होती, पण धातू आणि प्लास्टिक तिला आवरत. आकड्यांना जागा लागत नाही. हळू गाण्याला आणि जोरात गाण्याला डिस्कवर सारखीच मिनिटं.

म्हणून १९९० च्या दशकात चढाओढ मोकाट सुटली. वेव्ह्जचा एल१ हा लिमिटर १९९४ साली आला. पुढे येणारा माथा तो आधीच पाहतो, दाबतो, आणि उरलेलं सगळं वर उचलतो. ओॲसिसचा १९९५ चा दुसरा अल्बम, रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा ‘कॅलिफोर्निकेशन’ ही त्या वाटेवरची नावाजलेली उदाहरणं. सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा रसिकांनी जाहीर तक्रार केली, कारण गिटार हीरो ह्या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी डिस्कपेक्षा साफ वाजत होती. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी सांगितलं की गाणी आपल्याकडे आली तेव्हाच दाबलेली होती.

माझ्या बाकावर ह्याचा अर्थ असा, की उत्तम चालणारे अ‍ॅम्प्लिफायर ‘बिघडले’ म्हणून येऊ लागले. ८ ओहमच्या डमी लोडवर साइन वेव्ह सोडली की स्वच्छ. मग मी गिऱ्हाइकाची सीडी संगणकात घालून लाट पडद्यावर मोठी करून दाखवायचो. सपाट माथे तिथेच दिसायचे, डिस्कवर लिहिलेले. जुन्या हिंदी गाण्यांचे काही नवे संग्रहही असेच निघाले, आणि ते मला सर्वांत जास्त लागतं. तबल्याच्या किनारीवर ‘ना’ पडतो तो टोकदार माथा काही सहस्रांश सेकंदांचा. लिमिटरला तोच आधी सापडतो. सरासरी आवाज वर येतो, गाणं रिक्षात ऐकू येतं, आणि तबला ठोका हरवून नुसता गुंजत राहतो. कापलेला माथा परत आणणारा कुठलाही रेझिस्टर नाही. सॉफ्टवेअर अंदाजाने तो भरतं, पण वादकाच्या बोटाने तिथे काय केलं होतं ते त्याला ठाऊक नसतं.

आणखी एक बारकावा आहे. दोन नोंदी कमाल आकड्याजवळ असल्या तर त्यांच्या मधून जाणारी खरी लाट त्याहूनही वर जाऊ शकते. डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकच्या अभियंत्यांनी २००० च्या सुमारास हे मोजून मांडलं. फाइल तपासली तर निर्दोष, आणि आकड्यांची पुन्हा लाट करणाऱ्या डीएसीतला फिल्टर मात्र उतू जातो. तीच डिस्क एका प्लेअरवर खरखरीत आणि दुसऱ्यावर बरी का वाजते, ह्याचं एक उत्तर इथे आहे. फाइल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३ डेसिबल कमी करून पाहावं. फरक पडला तर चोर हाच.

मोजपट्टी यायला २००६ उजाडलं. त्या वर्षीच्या आयटीयूच्या बीएस.१७७० मानकाने माथ्याऐवजी कानाला जाणवणारा आवाज मोजायची रीत घातली. २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी आर १२८ प्रमाणे उणे २३ एलयूएफएस ही पातळी धरली. स्पॉटिफायसारख्या सेवा आता गाणी उणे १४ च्या आसपास आणून वाजवतात. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि नुसतं चपटं उरतं. नवं काम त्यामुळे थोडं मोकळं होऊ लागलं आहे, ही फार चांगली गोष्ट झाली.

घरातला अ‍ॅम्प्लिफायर मात्र मधल्या काळात स्वतःच आकडेमोड करू लागला. आजच्या पुष्कळ मॉडेलांत अ‍ॅनालॉग इनपुटही आधी आकड्यांत बदलतं. तो बदलणारा भाग २ व्होल्टसाठी बेतलेला आणि त्यावर बॅलन्स्ड आउटपुटचा ४ व्होल्टचा डीएसी जोडला, की १९८० च्या दशकातलं सीडीचं दुखणं नव्याने उभं राहतं. नॉब इथेही निरुपयोगी. मेन्यूत इनपुट ट्रिम किंवा अटेन्युएटर असेल तर तो आधी लावायचा, नसेल तर सोर्सचा आवाज उतरवायचा. तेच इक्वलायझरचं. खर्ज ६ डेसिबल वाढवला म्हणजे आकडा दुप्पट केला. तेवढी जागा आधी खाली उतरून करून घ्यावी लागते. हे दोन्ही तपासून झाल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

आणि कुणी जुन्या सीडींचा गठ्ठा रद्दीत घालायला निघाला असेल तर त्याला मी थांबवतो. १९८० च्या दशकातल्या डिस्क आधी बाजूला काढा. नव्या रिमास्टरपेक्षा त्या बारीक वाजतील, पण त्यांतले माथे बहुधा शाबूत असतील, आणि व्हॉल्यूम तुम्हाला वाढवता येतो.