उजवा हात सत्तर टक्के

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण रविवारच्या सुट्टीशी जोडतो. ते योग्यच आहे. पण सप्टेंबर १८८४ मध्ये परळला भरलेल्या सभांतून जो अर्ज तयार झाला, ज्यावर सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या केल्या, त्यातली आणखी एक मागणी मला जास्त धीट वाटते. कामावर गंभीर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि कायमचा जायबंदी झाल्यास कामगाराच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी. चूक कोणाची, हा प्रश्नच त्या मागणीत नाही.

कोर्ट मात्र त्याच प्रश्नापाशी अडून बसले होते. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाच्या पोऱ्याने मालकावर दावा लावला. जादा माल भरलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. ज्यूरीने शंभर पौंड दिले, वरच्या कोर्टाने ते नाकारले. या निकालातून पुढे ‘समान नोकरी’चे तत्त्व रुजले: सोबतच्या नोकराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण नोकरी धरताना तो धोकाही पत्करलेलाच असतो. आता गिरणीत मालक साच्याजवळ कधी उभा राहतो? फिरत्या चाकावर पट्टा चढवायला सांगणारा जॉबर, इंजिन सुरू करणारा, सगळे सोबतचे नोकरच.

चूक सिद्ध न करता भरपाई देणारा कायदा ब्रिटनने १८९७ साली केला. लोखंडे त्याच वर्षी मुंबईच्या प्लेगात गेले. हिंदुस्थानात तो यायला १९२३ उजाडले, आणि अंमल १ जुलै १९२४ पासून.

मी वकील नाही. कायद्याची मूळ कलमे वाचायला मला वेळ लागतो. या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टावर मी बराच रेंगाळलो. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची क्षमता सत्तर टक्के घटली असे धरायचे, डावा गेला तर साठ. एक डोळा तीस, अंगठा पंचवीस, तर्जनी दहा, इतर कोणतेही बोट पाच. तुटलेला धागा सांधणाऱ्याला दोन्ही हात सारखेच लागतात, हे तक्ता करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे तीस रुपये पगाराच्या माणसाच्या अंगठ्याचे तीनशे पंधरा रुपये, तेही एकरकमी. तात्पुरत्या दुखापतीला साधारण अर्धा पगार, आणि पहिले दहा दिवस काहीच नाही. १८८४ च्या मागणीत पूर्ण पगार होता.

तरीही दहा दिवसांपेक्षा मला एक अपवाद जास्त खुपतो. यंत्राचे संरक्षक आवरण कामगाराने जाणूनबुजून काढले असेल तर मालक सुटू शकत होता. उक्त्या दरावर पोट असलेला माणूस, यंत्र थांबले की कमाई थांबणार हे ठाऊक असलेला, आवरण बाजूला सारून हात घालतो तेव्हा ‘जाणूनबुजून’ कोणाचे? दारातून घालवलेली चूक इथे खिडकीतून परत आली. ‘समान नोकरी’ची ढाल मालकाच्या हातून कायद्याने काढून घेतली ती १९३८ साली, आवरणाचा अपवाद तेव्हाही जागच्या जागी होता.